रिकाम्या हातांचा रविवार

"पिशवी," आई म्हणाली.

ताई अजून शेवटच्या पायरीवरच होती. एका हाताने कठडा धरून तिने दुसऱ्या हाताने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि आईपुढे केली. गेली चार वर्षं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, हाच जिना आणि हाच शब्द. 'ये' नाही, 'कशी आहेस' नाही. आधी पिशवी.

आईची नजर आता अधू झाली होती, पण या तपासणीला तिला डोळे लागतच नसत. शाळेतल्या मुलींना तीस वर्षं शिवण शिकवलेली तिची बोटं पिशवीत उतरत आणि कोपरान् कोपरा धुंडाळत. चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या, छत्री. छत्री ती हटकून उघडून बघे, कारण दुसऱ्याच महिन्यात ताईने छत्रीच्या घडीत बिस्किटांचा पुडा लपवून आणला होता आणि पकडली गेली होती. पन्नाशीच्या बाईला आईने तेव्हा जिन्यावरून परत पाठवलं होतं, आधी पुडा परत करून ये म्हणून. दुकानदाराने काही तो घेतला नाही. मग ताईने रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून अख्खा पुडा स्वतःच संपवला आणि तोंड पुसून वर आली. आईने तिच्या हनुवटीवर राहिलेला चुरा बोटाने टिपला आणि तिला आत घेतलं होतं.

"हे काय?" आईचं बोट एका लिफाफ्यावर अडलं.

"कागद आहे. माझाच. जेवण झालं की दाखवते."

"नोटा नाहीत ना?"

"आई!"

"विचारलं आपलं. तुझा काय भरवसा." आईने पिशवी परत दिली आणि तोच हात ताईच्या गालावरून फिरवला. "ये आत. केवढा घाम आलाय."

आतून स्वयंपाकाचा वास येत होता आणि नर्सबाई भांडी आदळत होत्या. नर्सबाई म्हणजे छोटूची बायको, ताईची भावजय. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या वॉर्डात वीस वर्षं काढलेली बाई घरातही वॉर्डातल्यासारखीच वावरे, म्हणून हे नाव पडलं, ते ठेवलं ताईनेच. छोटू मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षीही छोटूच होता. त्याचे केस पांढरे झाले, मुलगी परगावी शिकायला गेली, तरी त्याला दुसरं नाव मिळायची चिन्हं नव्हती.

'ताईंनी या घरात रिकाम्या हाताने यायचं' हा नियम नर्सबाईंचा. त्याआधी ताई आली म्हणजे घरात काहीतरी आलं, असं पंचवीस वर्षं चाललं होतं. वडील गेले तेव्हा छोटू जेमतेम मिसरूड फुटलेला होता आणि खालच्या कारखान्यात खुर्च्यांच्या गाद्या शिवायला शिकत होता. त्याला पहिलं मोठं मशीन ताईने घेऊन दिलं. पुढे आईची कवळी, नर्सबाईंचा थंडीचा कोट, भाचीच्या शाळेची फी, घरातला गरम पाण्याचा बंब. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईला हे सगळं कसं परवडतं, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नसेल असं नाही. तो कुणाच्या ओठांवर आला नाही, एवढं खरं.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी कारखान्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस फार सभ्यपणे बोलत होता. तुमच्या बहिणीने तुमचा नंबर दिलाय, त्या आमचा फोन घेत नाहीत, म्हणाला. त्या एका फोनमधून पाच कर्जं बाहेर निघाली. दोन बँकांची, दोन कार्डांची आणि एक अशा माणसाचं, ज्याचं नाव ताईला नीट सांगताही येईना. सगळी याची टोपी त्याला घातलेली. पहिल्याचा हप्ता भरायला दुसरं, दुसऱ्याचा भरायला तिसरं, आणि मधल्या मधे आईच्या वाढदिवसाला रेडिओ.

त्या दिवशी छोटू ओरडला, आई रडली आणि ताई भिंतीकडे बघत बसली. नर्सबाई मात्र ड्यूटीवरून आल्या होत्या तशाच बसल्या आणि म्हणाल्या, "रडायचं नंतर. आधी आकडे." वॉर्डात पेशंटच्या पायाशी तापाचा तक्ता लावतात, तसा त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला कर्जाचा तक्ता लावला. सगळ्यात लहान कर्ज आधी. ते फिटलं की त्याचा हप्ता पुढच्याच्या डोक्यावर. दोन खोल्यांची जागा सोडायची, बेकरीच्या मागची एक खोली घ्यायची. ती कार्डं छोटूच्या कापड कापायच्या मोठ्या कात्रीने मधोमध कापली गेली. आणि सगळ्यात शेवटी तो नियम.

जागा सोडताना ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रिकाम्या हाताने यायचं म्हटल्यावर ती ढसाढसा रडली होती. "मग मी यायचं तरी कशाला?" असं तिने विचारलं होतं, आणि तिला ते खरोखरच कळलं नव्हतं.

आज लिफाफ्यात त्याचं उत्तर नव्हतं, पण कर्ज फिटल्याचा दाखला होता. शुक्रवारी शेवटचा हप्ता भरला. कारकुनाने कागदावर उठावाचा शिक्का मारला, तो पुसट वाटला म्हणून ताईने त्याला पुन्हा मारायला लावला. रांगेतली माणसं कुरकुरली. ताई हटली नाही. चार वर्षं चालत दुकानात गेलेल्या, संध्याकाळच्या शिकवणीच्या क्लासात फरशा पुसलेल्या बाईला दोन शिक्क्यांचा हक्क होता.

"ताई!" खालून छोटूची हाक आली. "जरा खाली ये. एक खुर्ची दाखवायचीय."

"जेवायच्या आधी खुर्च्या कसल्या दाखवता?" नर्सबाई आतून म्हणाल्या.

"पाच मिनिटं!"

"पाच मिनिटं म्हणजे पाचच," नर्सबाई ताईला म्हणाल्या, जशी काही तीच उशीर करणार होती. "सूप पुन्हा गरम करणार नाही मी."

*

कारखान्यात नेहमीचा वास होता, काथ्याचा आणि फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा. भिंतीला चार खुर्च्या उलट्या टांगल्या होत्या. मधल्या टेबलावर एक नवी, हिरव्या कापडाची, अजून पाठ न लावलेली. ताईने कापडावरून तळहात फिरवला. काठाची शिवण अशी सरळ होती, की आईने दहापैकी दहा दिले असते, आणि आईने आयुष्यात कुणाला दहापैकी दहा दिले नव्हते.

"छान झालीय रे."

"अशा ऐंशी करायच्यात," छोटू म्हणाला.

त्याने स्टूल पुसून तिला बसायला दिलं आणि दार लोटून घेतलं. मग भराभर बोलायला लागला. स्टेशनसमोर नवं हॉटेल होतंय. तिथल्या मॅनेजरला हा नमुना आवडला. दोन महिन्यांत ऐंशी खुर्च्या. एवढं काम वडिलांनासुद्धा कधी मिळालं नव्हतं. पण या जागेत ते होणार नाही. शेजारचा गाळा रिकामा आहे, अजून एक मशीन हवं, फोम आणि कापड हवं. कर्जाचे कागद तयार आहेत.

"मग अडलंय कुठे?"

छोटूने कागद टेबलावर सरकवले. "जामीन मागतात. पक्की नोकरी असलेला, ज्याच्या डोक्यावर एक पैचं देणं नाही असा." तो हसला, आणि हसताना सतरा वर्षांचा दिसला. "तुझं शुक्रवारी झालं ना? मी तेवढ्यासाठीच थांबलो होतो बघ. फक्त सही."

आता खरं सांगायचं तर ताईला आनंद झाला. आधी शंका यायला हवी होती, भीती वाटायला हवी होती. पण ती बाई हरखली. चार वर्षांत तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. साधी सुईसुद्धा नाही. सगळे तिला जपत होते, तिची विचारपूस करत होते, तिच्या ताटात वाढत होते, आणि ती त्या प्रेमाखाली गुदमरत होती. आज तिच्या भावाला तिची गरज होती. तिच्या छातीत काहीतरी जुनं, ओळखीचं, ऊबदार हललं. पहिलं मशीन दारात उतरलं होतं तेव्हा हेच हललं होतं.

"कुठे करायची?" तिने विचारलं.

"इथे. आणि इथे." छोटूने पेन शोधायला टेबल धुंडाळलं. बारीक खिळे, हातोडी, खडू, सोल्यूशनचा डबा. डब्यावर एक प्लॅस्टिकचा तुकडा चिकटून होता, तो त्याने ओढून बाजूला ठेवला. सोल्यूशन पसरायला तो तोच तुकडा वापरायचा. ताईने ओळखला. तिच्याच कापलेल्या कार्डाचा अर्धा भाग. चार वर्षं घासून कड पातळ झाली होती, तरी शेवटचे चार आकडे अजून दिसत होते.

पेन सापडलं. ताईने ते हातात घेतलं.

"नर्सबाई काय म्हणाल्या?"

"कशाला?"

"याला."

छोटूने कापडाची सुरकुती नसलेली जागा हाताने सरळ केली. "तिला नंतर सांगतो. एकदा काम सुरू झालं, दोन पैसे हातात आले, की सांगतो. आत्ता सांगितलं तर ती तक्ता घेऊन बसेल."

'नंतर सांगते' हे तिचं स्वतःचं वाक्य होतं. पंचवीस वर्षं रोज झोपताना ती ते मनात म्हणाली होती. पहिलं कर्ज काढलं तेव्हा ती खोटारडी नव्हती, वेडी नव्हती. फक्त नंतर सांगणार होती.

"छोटू, जेवून येऊ," ती म्हणाली आणि पेन खाली ठेवलं.

"सहीला काय वेळ लागतो?"

"सूप गार होईल."

"ताई." त्याचा आवाज उतरला. "तू... करणार आहेस ना?"

तिने कागद घडी घालून स्वतःच्या हातात घेतले आणि जिना चढायला लागली. मागून छोटू "अगं, ते वर नको नेऊस, ताई, ते इथेच ठेव" असं कुजबुजत येत होता. लहानपणी काच फोडली की असाच मागे मागे यायचा.

*

सूप बटाट्याचं होतं. आईने पाव कुस्करून त्यात टाकला, नर्सबाईंनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः सगळ्यांत शेवटी बसल्या. ताईने घडी घातलेले कागद ताटाशेजारी ठेवले होते. नर्सबाईंची नजर त्यांवर एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली.

"खुर्ची कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

"सुंदर. छोटूला तुम्हाला काही सांगायचंय."

"मला? नाही बुवा," छोटू म्हणाला.

"तू सांगतोस की मी सांगू?"

छोटूने ताईकडे जे बघितलं, ते तिला आत लागलं. तिच्या उभ्या आयुष्यात तिने त्याला उघडं पाडलं नव्हतं. त्याने फोडलेल्या काचांचे पैसेही तिनेच भरले होते.

मग त्याने सांगितलं. ताटात बघत, तुटक तुटक. नर्सबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. तो थांबल्यावर त्यांनी चमचा ताटात ठेवला, अगदी अलगद.

"म्हणजे मला कळणार होतं केव्हा?"

"अगं... म्हणजे तुला सांगणारच होतो."

"आणि जामीन कोण? या?" त्यांनी ताईकडे हात केला. "शुक्रवारी सुटल्या आणि रविवारी तुम्ही परत बांधायला निघालात? दोन रात्रीसुद्धा झोपू दिलं नाहीत त्यांना?"

"बांधायला काय! मी हप्ते भरणार आहे ना. तिला एक पै द्यायची नाही."

"आणि हॉटेलवाल्याने पैसे थकवले तर?"

"सगळं वाईटच का धरतेस तू?"

"कारण वाईट झालं की माझ्याकडेच येतं ते!"

"पुरे," आई म्हणाली. आईने आवाज चढवला नाही. शिवणाच्या वर्गात तिला कधी चढवावा लागला नव्हता. "नर्सबाई, तुम्ही शांत व्हा. मुलगा काम वाढवायचं म्हणतोय, जुगार नाही खेळत. त्याच्या बापाचं आयुष्य त्या एका गाळ्यात गेलं." मग ती ताईकडे वळली. "आणि तू? सहीला काही पैसे पडत नाहीत. इतकी वर्षं भावाला नाही नाही ते दिलंस. आता फुकटची सही जड झाली?"

ताईला वाटलं, आपल्याला कुणीतरी जिन्यावरून परत पाठवलं.

दर महिन्याला पिशवीत हात घालणारी, नोटा नाहीत ना म्हणून विचारणारी आई ती हीच. नियम पाळायला आईला चार वर्षं जमलं, पण मुलाचं पडलेलं तोंड बघायला पाच मिनिटं जमलं नाही. ताईला रागही आला आणि हसूही आलं, कारण हे दुखणं नेमकं कुणाकडून आपल्याकडे आलं, ते तिला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"जड नाही झाली, आई," ती म्हणाली. "हलकी आहे, हीच तर भानगड आहे. खाली मी पेन हातात घेतलं होतं."

नर्सबाईंनी चमकून बघितलं.

"घेतलं होतं, नर्सबाई. विचारसुद्धा नाही केला. किती रक्कम, किती वर्षं, काही वाचलं नाही. छोटूने मागितलं आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं..." तिने पाण्याचा घोट घेतला. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं मला उधळायची सवय होती. नाही. स्वतःसाठी मी एक रुमाल घेतला नाही. मला फक्त या दारात काहीतरी घेऊन यायचं असायचं. तुमची तोंडं फुललेली बघायची असायची. रिकाम्या हाताने आलं तर मी कोण? लग्न न केलेली, काचा घासणारी बाई. ती कुणाला हवीय?"



"छोटू, मी सही करणार नाही."

ते वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, त्यामुळे ते थोडं मोठ्याने आलं. छोटूने मान खाली घातली.

"मला तू आवडत नाहीस म्हणून नाही," ती घाईघाईने म्हणाली. "तू मला फार आवडतोस रे. म्हणूनच नाही. एकदा केली की मी थांबणार नाही. मला माहीत आहे मी कशी आहे. ज्याला दारू सुटली, त्याला कुणी लग्नातसुद्धा एक घोट देत नाही ना? मग मला कशाला देतोस?"

मग छोटू उठला. ताईला वाटलं, गेला हा रागाने खाली. पण तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"मशीन आणलंस त्या दिवशी," तो म्हणाला, "हमालाने मला विचारलं होतं, पावतीवर सही कोण करणार. मी पावती बघितली होती ताई. तिच्यावर हप्त्यांचे आकडे होते."

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मला कळत होतं. सतरा वर्षांचा होतो, पण आकडे वाचता येत होते. मी ती पावती घडी करून मशीनच्या खणात टाकली आणि दुसऱ्या दिवशी शिवायला बसलो. मला मशीन हवं होतं." त्याने वळून बघितलं. डोळे लाल झाले होते. "तुझ्या कर्जाचा तो फोन आला तेव्हा सगळ्यांत जास्त मी ओरडलो होतो. आठवतं?"

"आठवतं."

"मला वाटलं होतं, जोरात ओरडलं की संपेल."

आईने टेबलावर चाचपडत ताईचा हात शोधला. सापडला तेव्हा घट्ट धरला. "माझी कवळी," ती म्हणाली. "मी पण नाही विचारलं. दंतवैद्य म्हणाला, सगळं भागलंय, आणि मी म्हटलं, माझी लेक हुशार आहे." तिने ताईच्या हातावर दुसराही हात ठेवला. "मघाशी बोलले ते मागे घेते. मी म्हातारी झाले गं. मला तो हिरमुसला की सुचत नाही."

"तुला कधीच सुचत नव्हतं," ताई म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसल्या.

नर्सबाईंनी पदराने नाही, हाताला लागलेल्या भांड्याच्या फडक्याने डोळे पुसले. मग त्या फडक्याकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि ते धुवायला टाकलं. "झालं? रडून झालं सगळ्यांचं? आता आकडे." त्यांनी कागद उलटे करून कोरी बाजू वर केली. "खालच्या गाळ्यात मावतील अशा, एका मशीनवर, महिन्याला किती खुर्च्या होतात?"

"वीस," छोटू म्हणाला. "रविवार धरले तर बावीस."

"रविवार धरायचे नाहीत. मग वीस-वीसच्या चार खेपा. कापड आणि फोम हॉटेलने द्यायचा, किंवा प्रत्येक खेपेचे निम्मे पैसे आधी. मॅनेजरला असं विचारलंत कधी?"

"तो नाही म्हणेल. त्याला दोन महिन्यांत हव्यात."

"विचारलंत?"

"नाही."

"उद्या विचारा."

"आणि नाहीच म्हणाला तर?"

नर्सबाईंनी पेन ठेवलं. या प्रश्नाचं उत्तर देताना त्यांचा वॉर्डातला आवाज कुठेतरी गेला. "तर काम जाईल," त्या हळू म्हणाल्या. "वाईट वाटेल. मलाही वाटेल, एवढी सुंदर शिवण घातलीत. पण मी पुन्हा या दाराला तक्ता नाही लावणार. आपल्या दोघांचा तर मुळीच नाही."

छोटू खुर्चीत बसला. गार झालेलं सूप त्याने एका दमात पिऊन टाकलं. तो समाधानी नव्हता, हे उघड होतं. ऐंशी खुर्च्या त्याच्या डोळ्यांसमोरून एवढ्या लवकर हलणार नव्हत्या. पण वाटी ठेवताना तो बायकोला म्हणाला, "तू येशील का उद्या? तुझी दुपारची पाळी आहे ना? मला ते निम्मे पैसे आधी वगैरे मागायला नाही जमत."

"येईन," नर्सबाई म्हणाल्या. "मला जमतं."

*

लिफाफ्याची आठवण आईलाच झाली. "तुझा तो कागद?"

ताईने तो काढून आईच्या हातात दिला. आईने डोळ्यांशी नेला, दूर धरला, आणि मग डोळ्यांचा नाद सोडून बोटांनीच वाचायला घेतला. उठावाच्या शिक्क्यावर तिचं बोट गोल फिरलं. थोडं बाजूला सरकलं आणि पुन्हा गोल फिरलं.

"दोन शिक्के?"

"पहिला पुसट आला होता."

"बरं केलंस. टाक्याचं पण तसंच असतं. शेवटी दुहेरी घालावा." आईने कागद छोटूला दिला, छोटूने बायकोला. नर्सबाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, तारीखसुद्धा. मग उठून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावरचा तक्ता काढला. चार वर्षांच्या वाफेने पिवळा पडलेला, चार कोपऱ्यांना चार वेळा चिकटवलेला. त्याच्या खालचा रंग मूळचा निळा निघाला.

"टाकून देऊ?" त्यांनी ताईला विचारलं.

ताईने जरा विचार केला. "नको. दाराच्या आतल्या बाजूला लावा. मी पाणी प्यायला गेले की दिसेल."

नर्सबाईंनी तो आतून लावला. मग पहिल्यांदाच, ध्यानीमनी नसताना, त्यांनी ताईला मिठी मारली, आणि दोघींनाही हात कुठे ठेवायचे ते न कळल्यामुळे ती थोडी अवघडलेली झाली, पण सुटली लवकर नाही.

निघताना छोटू खालपर्यंत सोडायला येतो म्हणाला, तर त्याला पायातली चप्पल सापडेना. ताई दारात उभी राहिली. आई नेहमीप्रमाणे जिन्याच्या तोंडाशी आली होती, एक हात कठड्यावर.

"आता नियम संपला म्हणायचा," आई म्हणाली. "देणं फिटलं तुझं. पुढच्या वेळी काय आणशील?"

ते तिने अगदी सहज विचारलं. आवाजात ती जुनी हौस होती, रेडिओ उघडतानाची, पुड्याच्या दोऱ्याची गाठ न कापता सोडवतानाची. ताईच्या डोळ्यांसमोर क्षणात चार दुकानं तरळून गेली. लोकरीची शाल, आईला हवी असलेली उंच उशी, फार महाग नव्हती ती. पगाराचे पैसे आता तिचेच होते. आणायला कुणाची हरकत नव्हती.

"काही नाही, आई," ती म्हणाली. "काहीच नाही आणणार."

आईने सवयीने पिशवीकडे हात नेला, आणि पिशवी न धरता ताईचं मनगट धरलं.

"बरं," ती म्हणाली. "मग जरा लवकर ये."